लहान धार्मिक एचिंग: आधी कोरी जागा ठरवा, मग रेषा

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५४ मध्ये केलेलं मरीया आणि बाळ येशूचं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, ॲसिडने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र) आहे. ‘मांजर आणि साप’ या नावाने ते ओळखलं जातं. माप फक्त ९.५ सेंमी उंच आणि १४.५ सेंमी रुंद. एवढ्याशा जागेत एक खोली आहे, खिडकी आहे, जमिनीलगत बसून बाळाला गालाशी घट्ट धरलेली आई आहे, खिडकीबाहेरून आत बघणारा योसेफ आहे, मरीयेच्या वस्त्राच्या काठाशी खेळणारं मांजर आहे आणि तिच्या पायाशी साप आहे. तरीही चित्रात गर्दी वाटत नाही. अशा मापाची, धार्मिक विषयाची प्लेट स्वतः करायची असेल तर रचना कशी ठरवायची आणि रेषा कशी चालवायची, ते याच चित्राचा हात धरून पाहू. एचिंगची किमान तोंडओळख आहे, पण लहान प्लेटवर हात अडखळतो, अशांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एचिंगमध्ये पांढरा रंग नसतो. उजेड म्हणजे न छापलेला कागद. धार्मिक चित्रात तर बहुतेक वेळा उजेड हाच विषय असतो: तेजोवलय, दिवा, देवदूताच्या येण्याने उजळलेली रात्र. म्हणून सुई हातात घेण्याआधी सुई कुठे अजिबात लावायची नाही, हे ठरलेलं असलं पाहिजे. लहान प्लेट बिघडते ती रेषा कमी पडल्यामुळे क्वचितच. ती बिघडते राखायच्या जागेत रेषा शिरल्यामुळे.

पहिली पायरी: एक चित्र नीट वाचा

ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर रेम्ब्रांटच्या एचिंगच्या मोठ्या प्रतिमा पाहता येतात. शक्य असेल तर एकाच प्लेटचे दोन-तीन वेगवेगळे ठसे शेजारी ठेवून पाहा. रेम्ब्रांटच्या बऱ्याच प्लेट त्याच्या मृत्यूनंतरही, अठराव्या शतकात आणि पुढेही, छापल्या जात राहिल्या. झिजलेल्या प्लेटचा ठसा पाहून अभ्यास केला तर ‘इथे त्याने फारच फिकी रेषा ठेवली’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ‘मांजर आणि साप’ची तांब्याची मूळ प्लेट आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आता डोळे किलकिले करून पाहा. तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. ते तुकडे कागदावर उतरवून घ्या. तीन-चारपेक्षा जास्त निघणार नाहीत. मग चित्र उलटं करून तेच पुन्हा करा. चेहरे ओळखू येईनासे झाले की रचना दिसायला लागते. तिसऱ्या वेळी वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त रेषांच्या दिशा बाणांनी दाखवा. कुठल्या भागात रेषा एकाच दिशेने जातात, कुठे दुसरा थर चढतो आणि कुठे रेषा एकदम थांबते? या तिसऱ्या अभ्यासाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

या चित्रातली एक जागा अगदी जवळून पाहण्यासारखी आहे: मरीयेचं डोकं. तिच्या डोक्यामागे तेजोवलय आहे, पण ते वेगळं काढलेलं नाही. मागच्या खिडकीच्या काचांची गोलसर नक्षी नेमकी तिच्या डोक्यामागे येते आणि तीच वलयाचं काम करते. भिंत रेषांनी गडद केलेली आहे, खिडकी उजळ ठेवलेली आहे आणि त्या उजळ जागेवर डोकं येईल अशी आकृती बसवली आहे. तेजोवलयासाठी वेगळी एक रेषाही खर्च झालेली नाही. सापाचंही तसंच. तो एदेन बागेतला मोहात पाडणारा साप आहे आणि मरीयेच्या पायाखाली येणं हा त्याचा पराभव आहे, हे ख्रिस्ती परंपरा जाणणारा लगेच ओळखतो. पण चित्रात तो मांजराइतकाच सहज, जमिनीवरच्या सावलीत आहे. प्रतीक आणि घर एकमेकांत इतकं मिसळलं आहे की आधी आई दिसते, अर्थ नंतर उलगडतो.

बाळावर झुकलेल्या आईची ही ठेवण रेम्ब्रांटने आंद्रेआ मांतेन्या या इटालियन चित्रकाराच्या पंधराव्या शतकातल्या एन्ग्रेव्हिंगवरून (ॲसिडविना, हत्याराने थेट धातूत कोरून छापलेल्या चित्रावरून) घेतली. तेही पाहाच. मांतेन्या तिरक्या समांतर रेषांनी छटा बांधतो. आकार वळला तरी रेषा वळत नाहीत. रेम्ब्रांटच्या १६५०च्या दशकातल्या एचिंगमध्येही हीच सरळ, समांतर, काहीशी विरळ रेषा दिसते. ठेवण उचलणं सोपं असतं. त्याने ठेवणीबरोबर रेषेची शिस्तही आपलीशी केली.

दुसरी पायरी: माप आणि छोटे आराखडे

पहिल्या प्रयत्नाला १० × १५ सेंमीच्या आसपासची प्लेट घ्या. याहून लहान प्लेटवर चेहरा इतका बारीक होतो की सुईच्या टोकाची जाडीसुद्धा नडते. आकृत्या दोन किंवा तीन. रेम्ब्रांटने १६३८ च्या ‘योसेफ आपली स्वप्ने सांगतो’मध्ये ११ × ८.३ सेंमीत डझनभर माणसं बसवली आहेत. पण ती कशी बसवली ते पाहा. पुढच्यांना पूर्ण छटा आहे, मागचे जवळपास नुसत्या बाह्यरेषेत आहेत. सगळ्यांना सारखा न्याय दिला असता तर ते चित्र कुणालाच वाचता आलं नसतं.

आराखडे काडेपेटीएवढ्या चौकटीत करा आणि फक्त तीन छटा वापरा: कोरा कागद, मधली करडी, गडद. पेन्सिल वापरू नका, कारण पेन्सिल शंभर छटा देते आणि मन फसतं. एक जाड काळा आणि एक करडा मार्कर पुरे. प्रत्येक आराखड्यात तीन गोष्टी तपासा. सगळ्यात उजळ जागा एकच आहे का? त्या जागेला खेटून सगळ्यात गडद जागा आली आहे का? आणि चौकटीच्या निदान एका कडेला आकृती किंवा वस्तू कापली जाते का? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण लहान चित्रात सगळं चौकटीच्या आत सुखरूप बसवलं की ते शिक्क्यासारखं दिसतं. कडेने काहीतरी कापलं गेलं की खोली चौकटीबाहेरही पसरलेली आहे असं वाटतं.

आकृती कुठे बसवायची, याबद्दल माझं मत ठाम आहे. पूजेच्या प्रतिमेत देव मध्यभागी, समोरासमोर असतो आणि तिथे तेच योग्य आहे. कथा सांगणाऱ्या एचिंगमध्ये मात्र मुख्य आकृती मध्यापासून थोडी सरकवा आणि नजरेला दुसरीकडून आत येऊ द्या. ‘मांजर आणि साप’मध्ये योसेफ खिडकीबाहेरून पाहतो, तेव्हा आपणही त्याच्याबरोबर पाहणारे होतो. हा पाहणारा माणूस अनेक धार्मिक चित्रांत रचनेचा खरा आधार असतो. तो नसेल तर दाराची चौकट, पायरी, दिव्याचा झोत, काहीतरी असं हवं ज्यावरून नजर चालत मुख्य जागी पोचेल.

तिसरी पायरी: उलटं काढा

प्लेटवरचं चित्र छापताना उलटतं. हे ठाऊक सगळ्यांना असतं, विसरतातही सगळेच. रेम्ब्रांटने १६५० मध्ये एका शंखाचं सुंदर एचिंग केलं. सही नीट उलटी कोरल्यामुळे छापात ती सरळ आली, पण शंख मात्र समोर दिसला तसाच काढल्यामुळे छापात त्याचा पीळ निसर्गाच्या उलट दिशेला गेला. शंखात ते खपून गेलं. धार्मिक चित्रात मात्र आशीर्वादाचा हात उजव्याचा डावा झाला तर जाणकाराला लगेच खटकतं.

पक्कं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करा, कागद पालथा घाला आणि मागून दिसणारं चित्र ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या ॲसिड अडवणाऱ्या थरावर, उतरवा. उतरवताना फक्त मोठ्या जागा आणि राखायच्या उजेडाच्या कडा घ्या. छटेची एकेक रेघ ट्रेस केली तर सुई नंतर फक्त गिरवत बसते आणि रेषेतला जीव जातो. काम करताना समोर आरसा ठेवा आणि मूळ रेखाटन आरशातच पाहा.

चौथी पायरी: प्लेट आणि ग्राउंड

तांब्याचा १ ते १.५ मिमी जाडीचा पत्रा घ्या. कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा. नाहीतर त्या कागद आणि ब्लँकेट (प्रेसमधलं लोकरी कापड) दोन्ही कापतात. पृष्ठभाग आरशासारखा घासून घ्या, कारण लहान चित्रात प्रत्येक ओरखडा आकृतीएवढा मोठा दिसतो. मग खडूची पूड आणि थोडा पातळ अमोनिया घेऊन तेलकटपणा काढा. पाणी सगळीकडे सलग पसरून राहिलं आणि त्याचे थेंब फुटले नाहीत, म्हणजे प्लेट स्वच्छ झाली.

हार्ड ग्राउंड मुळात मेण, डांबर आणि राळ यांचं मिश्रण असतं. थर पातळ आणि सारखा हवा. मेणवातीच्या धुराने तो काळा करून घ्या, म्हणजे सुईने उघडलेली रेषा तांबूस चमकते. गंमत अशी की काम करताना तुम्हाला काळ्यावर उजळ रेषा दिसते आणि छापात ती काळी येते. या उलट दिसण्यामुळेच नवखा माणूस जास्त रेषा मारतो. प्लेटवर ‘अजून उजेड हवा’ म्हणून जिथे रेषा घालतो, तिथेच छापात अंधार होतो. आराखडा सतत डोळ्यांसमोर लावून ठेवा.

पाचवी पायरी: रेषा

सुई पेनासारखी सैल धरा. काम फक्त ग्राउंड बाजूला करण्याचं आहे. तांबं खोदायचं नाही, ते ॲसिड खोदेल. टोक किंचित गोलसर असेल तर सुई कुठल्याही दिशेला अडखळत नाही. फार टोकदार सुई तांब्यात रुतते आणि वळणावर रेषा काटकोनी होते.

बाह्यरेषेपासून सुरुवात करू नका. आधी अंधाराचे तुकडे समांतर रेषांनी भरा आणि आकृतीची कडा त्यांच्या टोकांतून उमटू द्या. उजेडाच्या बाजूला बाह्यरेषा तोडा. गालावर, कपाळावर, खांद्याच्या वरच्या कडेला ती नसलीच तरी चालतं. मागची सावली तिथे येऊन थांबली की कडा आपोआप दिसते. सगळीकडे सारख्या जाडीची अखंड बाह्यरेषा फिरवली की आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते.

समांतर रेषांमधलं अंतर मधल्या छटेसाठी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर ठेवा, गडद भागात अर्ध्यापर्यंत या. त्याहून जवळ जाऊ नका. शेजारच्या दोन रेषांमधली ग्राउंडची भिंत फार बारीक झाली की ॲसिडमध्ये ती ढासळते, रेषा एकमेकींत मिसळतात आणि तिथे एक उथळ खड्डा तयार होतो. अशा खड्ड्यात शाई टिकत नाही. सगळ्यात काळी जागा हवी म्हणून तुम्ही सगळ्यात जास्त रेषा भरता आणि छापात नेमकी तीच जागा पिवळट करडी येते. लहान प्लेटवर हे सर्रास होतं. काळोख रेषांच्या दाटीने नाही, खोलीने मिळवायचा असतो.

दुसरा थर चढवताना तो पहिल्याला काटकोनात छेदू देऊ नका. काटकोनात जाळी दिसते आणि नजर सावली सोडून जाळीच पाहत राहते. तीस अंशांच्या आसपासच्या कोनात थर घातला तर मधले पांढरे तुकडे लांबट राहतात आणि सावली वाहती दिसते. तिसरा थर फक्त चित्रातल्या सर्वांत गडद एक-दोन जागी. वस्त्रावर पहिला थर घडीच्या दिशेने आणि दुसरा सगळ्या वस्त्रावरून सरळ तिरका नेला तर घडी आणि सावली दोन्ही सांभाळल्या जातात.

चेहऱ्याला शेवटी हात लावा. या मापात मुख्य आकृतीचा चेहरा साधारण अंगठ्याच्या नखाएवढा येतो. डोळ्यासाठी पापणीची एक छोटी रेघ आणि भुवईखालची सावली पुरे. बुबुळ काढायला गेलात तर चेहरा टक लावून पाहणारा होतो. नाकाची बाजू दोन-तीन टिंबांनी सुचवा, ओठांमधली रेघ मध्येच तोडा. प्रार्थनेतला किंवा वात्सल्यातला भाव नाकडोळ्यांपेक्षा मानेच्या कलण्यात असतो. डोक्याचा आणि खांद्याचा कोन बरोबर साधला असेल तर चार रेषांत भाव येतो.

रेषेची जाडी बदलायचा आणखी एक मार्ग फ्रेंच एचर जाक कालो याने रूढ केला. त्याची सुई तिरकी कापलेल्या टोकाची होती. ती फिरवत नेली की रेषा फुगते आणि पुन्हा बारीक होते. मेणाऐवजी तो वाद्यं बनवणारे वापरत तसलं कठीण व्हार्निश वापरी, म्हणून अगदी लहान आकृत्यांनाही धार येत असे. हे तंत्र देखणं आहे. पण माझ्या मते घरगुती, जिव्हाळ्याच्या धार्मिक प्रसंगाला रेम्ब्रांटची साधी, किंचित थरथरती रेषा जास्त शोभते. कालोची रेषा मिरवणुकीला आणि मोठ्या जमावाला न्याय देते.

सहावी पायरी: बाईट (ॲसिडने रेषा खोदणं)

तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरा. नायट्रिक ॲसिड रेषा रुंद करतं, बुडबुडे सतत पिसाने हलवत राहावे लागतात आणि वाफा घातक असतात. फेरिकमध्ये बारीक रेषा बारीकच राहते. मात्र त्यात गाळ धरतो, म्हणून प्लेट पालथी टांगा किंवा ट्रे सतत हलवत राहा. हातमोजे आणि चष्मा हवाच, खोलीत हवा खेळती हवी. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं. ते मोरीत ओतायचं नाही, घातक रासायनिक कचऱ्यात द्यायचं. प्लेटची मागची बाजू आणि कडा आधी व्हार्निशने झाका.

वेळ ठरवण्यासाठी त्याच तांब्याच्या पट्टीवर चाचणी घ्या. प्रत्येक टप्पा आधीच्या दुप्पट ठेवा: ५, १०, २०, ४० मिनिटं. १०, १५, २० अशा सारख्या अंतराने गेलात तर गडद बाजूचा फरक डोळ्याला कळतच नाही. द्रावण किती ताजं आहे आणि किती गरम आहे यावर सगळं अवलंबून असल्याने पट्टीवरचं उत्तर त्या दिवसापुरतंच खरं धरा.

लहान प्लेटला तीन टप्पे पुरतात. पहिल्या टप्प्यानंतर प्लेट धुऊन वाळवा आणि चेहरे, दूरची भिंत, खिडकीच्या काचा यांवर स्टॉप-आउट (ॲसिड अडवणारं) व्हार्निश लावा. दुसऱ्यानंतर वस्त्रं आणि मधली जागा झाका. तिसऱ्यात फक्त खोल अंधार उरतो. व्हार्निशची कडा दिसू नये म्हणून ती एखाद्या घडीच्या किंवा वस्तूच्या कडेवर थांबवा. आणखी एक पद्धत मला जास्त आवडते: आधी फक्त गडद रेषा काढून बाईट द्यायचा, मग त्याच ग्राउंडवर मधल्या रेषा काढून पुन्हा, मग चेहऱ्याच्या. आधीच्या रेषा आपोआप सगळ्यात खोल जातात आणि प्लेटवर रंगकुंचला फिरवावा लागत नाही. यात अंधार आधी पक्का होतो, त्यामुळे उजेड राखण्याची सवयही लागते.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ ते १५१८ च्या दरम्यान लोखंडी प्लेटवर सहा एचिंग केली. त्यांतलं ‘गेथशेमाने बागेतली प्रार्थना’ जरूर पाहा. सगळ्या रेषा जवळपास सारख्याच खोल, त्यामुळे सगळा परिणाम नुसत्या रेषेच्या दिशेवर आणि दाटीवर उभा केलेला आहे. एकाच बाईटमध्ये काय साधतं आणि काय हातचं निसटतं, दोन्ही तिथे कळतं.

सातवी पायरी: प्रूफ आणि पुढचे बदल

कागद सुती, भिजवून टिपलेला. शाई घट्ट, रेषांत दाबून भरलेली. मग जाळीच्या कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसलेली. पहिला प्रूफ (चाचणीचा ठसा) अगदी स्वच्छ पुसून काढा, म्हणजे प्लेटवर खरोखर काय आहे ते दिसेल. नंतर दुसऱ्या प्रूफमध्ये कडेच्या अंधारावर शाईचा पातळ पडदा राहू द्या आणि उजेडाची जागा तेवढी चिंधीने पुसा. रेम्ब्रांटच्या रात्रीच्या प्रसंगांच्या ठशांत ही युक्ती दिसते. त्याची १६५१ ची ‘इजिप्तला पलायन’ची रात्रीची प्लेट पाहा. योसेफच्या हातातल्या कंदिलाभोवती तेवढा उजेड आहे आणि पुढच्या अवस्थांमध्ये (प्लेट बदलून पुन्हा छापलेल्या टप्प्यांमध्ये) रेषांवर रेषा चढवून बाकी सगळं अंधारात बुडवलं आहे. आधीच्या आणि नंतरच्या अवस्था शेजारी ठेवल्या की रचना न बदलता केवळ छटेने प्रसंग कसा बदलतो ते समजतं.

प्रूफवर दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा: लाल म्हणजे गडद हवं, निळा म्हणजे उजळ हवं. निळ्या खुणा आधी घ्या. उथळ रेषा बर्निशरने (घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने) तेल लावून दाबून मिटवता येतात. खोल असतील तर आधी स्क्रेपरने खरवडा आणि मग घासा. लाल खुणांसाठी पुन्हा ग्राउंड लावून नव्या रेषा द्या, किंवा सुईने थेट तांब्यात ड्रायपॉइंट करा. ड्रायपॉइंटमध्ये रेषेच्या कडेला उचललेली तांब्याची किनार, म्हणजे बर, शाई धरते आणि मखमली काळा रंग देते. वस्त्राच्या एखाद्या घडीत किंवा दाराआडच्या अंधारात ती अप्रतिम दिसते. पण प्रेसखाली ती पटकन चेपते, म्हणून किती ठसे काढायचे ते आधी ठरवा आणि ड्रायपॉइंट अगदी शेवटी करा. रेम्ब्रांट १६४०च्या दशकाच्या अखेरीपासून काही ठशांसाठी जपानी कागद वापरू लागला. तो मऊ, उबदार रंगाचा कागद बरच्या शाईला विशेष मानवतो.

प्रत्येक अवस्थेचा निदान एक ठसा तारीख घालून जपून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेला पोचल्यावर चेहऱ्यावर आणखी एक रेघ हवी असं वाटायला लागलं, की पहिला प्रूफ काढून शेजारी ठेवा आणि दोन्ही हाताच्या अंतरावरून पाहा. बहुतेक वेळा रेघ चेहऱ्यावर नको असते. चेहऱ्यामागची भिंत एका थराने गडद करायची राहिलेली असते.